जोड्यानें जाणें

मराठींत ‘जोड्यानें’ असा एक शब्द आहे. शब्द लहान आहे, परंतु आमच्या गृहस्थितीचा कित्येक पिढ्यांचा इतिहास त्याच्या पोटांत सांठवलेला आहे. ‘जोड्यानें नमस्कार करा,’ ‘जोड्यानें पूजेस बसा,’ ‘लग्नाची हळद अंगावर आहे तोंच जोड्यानें जेजुरीस जाऊन या,’ असें वडील माणसें सांगत आलीं आहेत. नवराबायकोनें शेजारीं शेजारीं राहून, चारचौघांदेखत कांहीं करणें हा या शब्दाचा अर्थ. मौज अशी कीं, हा शब्द देवाच्या आणि वडिलांच्या सान्निध्यांतच कानीं पडतो. ‘जोड्यानें बाजारांत जा’ किंवा ‘जोड्यानें नदीकांठीं हिंडून या’ असा आशीर्वाद जुन्या पिढींतील कोणी दिल्याचें ऐकिवांत नाहीं.

हल्लीं विवाहित जोडप्यांनीं घरापासून फार दूर न जातां एकदोन दिवसांची सहल करून यावें, ही गोष्ट सर्वत्र रूढ झाली आहे. आमच्या भवानीनगरच्या आसपासच पाहावें. कोणी भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी पाहावयास जातो, कोणी बारामतीकडील एखाद्या मळ्यांत कृषिपर्यटन म्हणून एक रात्र राहून येतो, कोणी मोटारसायकलीवरून भुलेश्वर गांठतो. यावर वृद्धांचें म्हणणें असें कीं, हें सारें इंग्रजांचें अनुकरण. आमच्या वेळीं असलें कांहीं नव्हतें. तरुणांचेंहि म्हणणें बहुधा तेंच असतें, फक्त त्यांत वृद्धांविषयीं थोडी कींव मिसळलेली असते. इतिहास पाहूं गेल्यास दोघांचेंहि म्हणणें अर्धेंच खरें ठरतें. जोडपीं पूर्वीहि घराबाहेर पडत होतीं. मात्र त्यांना बाहेर पडण्यास देवाचें निमित्त लागत असे, आणि त्या निमित्ताचा हिशेब कोणाच्या तरी नांवें मांडला जात असे.

प्रथम घराचा विचार करूं. जुन्या वाड्याची रचना पाहिली तरी नवराबायकोच्या सहवासाला दिवसां जागा म्हणून नव्हती. ओटीवर व सोप्यांत पुरुष, माजघरांत व परसांत बायका. सुनेनें सासूसासऱ्यांदेखत नवऱ्याशीं बोलणें हा उद्धटपणा, आणि नवऱ्यानें बायकोला नांवानें हांक मारणें हा बायलेपणा. पत्नीनें पतीचें नांव घ्यावयाचें तें सणासमारंभीं, तेंहि उखाण्यांत गुंफून. शेतकऱ्याच्या घरीं ही बंधनें कांहींशीं सैल होतीं. कारण खुरपणीला आणि मोटेवर दोघांनाहि जावें लागे. परंतु तेथें सहवास होता तो कामाचा, उसंतीचा नव्हे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सुशिक्षित पुरुषांनीं हा शिष्टाचार मोडण्याचा प्रयत्न केला तेव्हां काय झालें, याचे दाखले आपल्या चरित्रवाङ्मयांत आहेत. गोपाळराव जोशी आनंदीबाईंना बरोबर घेऊन रस्त्यानें फिरावयास निघत, तेव्हां लोक त्यांची उघड टवाळी करीत. नवराबायको एकत्र चालत आहेत, एवढाच त्यांचा अपराध! हीच आनंदीबाई पुढें समुद्र ओलांडून डॉक्टर होऊन आली. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आठवणी वाचल्या तर ध्यानांत येतें कीं, पुण्याच्या घरांतील वडील बायकांना त्यांचें लिहिणेंवाचणें किती डांचत होतें. न्यायमूर्तींच्या नोकरींतील फिरती हा त्या संसाराचा दुसरा अध्याय होता. दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या १८७९ च्या कायद्याखालील कामासाठीं न्यायमूर्ति जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडत असत आणि रमाबाई त्यांच्याबरोबर असत. सरकारी कामाची ती दगदग, पण पुण्याच्या माजघरांत जें मिळत नव्हतें तें या मुक्कामांत मिळत होतें, असें ते पुस्तक वाचतांना मला तरी वाटतें. हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ मधील यमूलाहि सुखाचे दिवस लाभतात ते सासरचें घर सोडून नवऱ्याबरोबर मुंबईस गेल्यावर. वाचकांना ती कादंबरी आठवते ती तिच्या शेवटामुळें. पण तीं मुंबईचीं प्रकरणें पुन्हां एकदां वाचून पाहावींत.

मग ज्यांना फिरतीची नोकरी नव्हती आणि मुंबईस बिऱ्हाड करण्याची ऐपत नव्हती, त्यांचें काय? त्यांच्यासाठीं धर्मशास्त्रानेंच एक दार किलकिलें ठेवलें होतें. यज्ञ असो, पूजा असो, दान असो, गृहस्थाचें कर्म सपत्नीक असावें असा दंडक आहे. सीता वनांत असतां रामचंद्राला अश्वमेधासाठीं तिची सोन्याची प्रतिमा शेजारीं ठेवावी लागली, ही कथा याच दंडकाची साक्ष देते. नवऱ्याच्या उपरण्याला बायकोच्या शेल्याची गांठ मारली कीं, एरवीं जें निर्लज्जपणाचें तें पुण्याचें होई. हा दंडक स्त्रीच्या सुखासाठीं घातलेला नव्हता, हें उघड आहे. कर्माला पूर्णता यावी म्हणून घातला होता. परंतु नियम घालणाऱ्याचा हेतु एक असतो आणि नियमाखालीं राहणारीं माणसें त्यांतून आपला अर्थ काढतात, हाहि इतिहासाचाच एक नियम आहे.

या दारांतून बाहेर पडणाऱ्या आमच्या मुलखांतील जोडप्यांचें पहिलें ठिकाण म्हणजे जेजुरी. लग्न झाल्यावर घरीं खंडोबाचें जागरण घालावयाचें आणि नव्या जोडप्यानें गडावर जाऊन देवाच्या पायां पडावयाचें, हा कुळाचार धनगर, मराठे, माळी, रामोशी, कोळी आणि कित्येक ब्राह्मण कुळांतहि आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनीं १९६१ सालच्या आपल्या ‘खंडोबा’ या ग्रंथांत आणि जर्मन पंडित गुंथर सोंथायमर यांनीं आपल्या अनेक वर्षांच्या संशोधनांत या दैवताचा विस्तार दाखविलाच आहे. तो येथें पुन्हां सांगण्याचें कारण नाहीं. आपल्याला पाहावयाचें आहे तें एवढेंच कीं, या देवाच्या दारीं नवराबायकोला काय करण्याची मुभा होती.

गडाच्या पायऱ्यांशीं येतांच नवऱ्यानें बायकोला उचलून घ्यावयाचें आणि निदान पांच पायऱ्या तरी चढावयाच्या, अशी तेथील चाल आहे. लोकांच्या बोलण्यांत गडाच्या पायऱ्या नऊ लाख आहेत. प्रत्यक्षांत त्या कांहीं शेंच आहेत, पण बायकोला उचलून घेणाऱ्याला भक्तांचा आंकडाच खरा वाटत असावा. आतां या दृश्याचा विचार करावा. ज्या घरांत सुनेनें नवऱ्याकडे वर तोंड करून पाहूं नये, त्याच घरांतील आईबाप, काकामामा खालीं उभे राहून हें पाहत आहेत, हंसत आहेत, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ असा गजर करीत आहेत आणि दोघांवर भंडारा उधळीत आहेत. नवरा धापा टाकतो आहे, सून लाजेनें आणि हळदीनें पिवळीधमक झाली आहे. घरीं ज्या स्पर्शाला रात्र आणि कडी लागते, तो येथें भर दुपारीं, सर्वांसमक्ष, देवाच्या आज्ञेनें घडतो. पुढें गडावर पोंचल्यावर पितळी कांसवापाशीं तळी उचलली जाते, दीपमाळांच्या सावलींत शिधा सोडला जातो आणि मंडळी परत फिरतात. बालविवाहाच्या काळीं ही चाल सोपीहि होती आणि भयंकरहि. नवरा पंधरासोळा वर्षांचा आणि नवरी आठनऊ वर्षांची असली म्हणजे उचलण्याला श्रम पडत नसत. त्या मुलीला त्या दिवसाचें काय वाटलें असेल, हें लिहून ठेवणारें तिच्या बाजूचें कोणी नव्हतें.

खंडोबाचा स्वतःचा संसारहि जोडप्यांच्या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे. म्हाळसा ही त्याची लग्नाची बायको; तिच्याशीं त्याचें लग्न सातारा जिल्ह्यांत पालीस लागलें, आणि पौषांत तेथें तो सोहळा अद्यापि होतो. पुढें सारीपाटाच्या डावांत देव म्हाळसेशीं हरला, पणाप्रमाणें घराबाहेर पडला, चंदनपुरीस धनगराच्या घरीं चाकरीला राहिला आणि तेथून बाणाईला घेऊन आला, अशी कथा वाघ्येमुरळ्या जागरणांत गातात. म्हणजे देव घर सोडून निघाला तो बायकोला चुकवून! गडावर म्हाळसा देवाशेजारीं आहे आणि बाणाईचें देऊळ वाटेवर, डोंगराच्या मध्यावर आहे. दोन बायकांचें भांडण मिटविण्यासाठीं एवढी उंची मध्यें ठेवावी लागली, असें भाविक सांगतात. नव्या जोडप्यांना या वाटेनें चढून जावें लागतें, यांत कोणाला विसंगति वाटत नाहीं. मलाहि वाटत नाहीं. आमचे देव आमच्यासारखेच संसारी आहेत, हा त्यांचा मोठेपणाच म्हणावयाचा.

परंतु याच गडाची दुसरी बाजू न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. जोड्यानें यावयाचें म्हटलें कीं, जिचा जोडा फुटला तिला जागा नाहीं. विधवा सुनेला या गांठीच्या नमस्कारांत स्थान नव्हतें. तिची जेजुरी नवऱ्याबरोबरच संपे. आणि मुरळ्या? नवसापोटीं आईबापांनीं लहानपणींच देवाशीं लग्न लावून दिलेल्या या मुली. इतर मुली ज्या पायऱ्यांवर नवऱ्याच्या हातांवरून चढत, त्याच पायऱ्यांवर या मुरळ्या आयुष्यभर एकट्या उभ्या राहत. आणि देवाची बायको म्हणून त्यांना जें भोगावें लागे तें येथें विस्तारानें लिहिण्याची गरज नाहीं. महर्षि विठ्ठल रामजी शिंदे यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं या चालीविरुद्ध चळवळ केली, आणि १९३४ सालीं मुंबई इलाख्यांत देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. नव्या जोडप्याच्या जागरणांत नाचणारी मुरळी त्या जोडप्याला आशीर्वाद देत असे. त्या आशीर्वादाची किंमत काय होती, याचा विचार बोलावणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांनीं केला.

भवानीनगरच्या बाजूनें जेजुरीस जावयाचें म्हणजे बारामती, मोरगांव, जेजुरी हा सरळ मार्ग. बैलगाडीच्या काळीं तो एका दिवसांत उरकत नसे. मोरगांवीं मयूरेश्वराच्या दारीं मुक्काम पडे, आणि एका कुळाचारांत गणपतीचें दर्शनहि पदरीं पडे. या प्रवासाला कऱ्हेची सोबत आहे. सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला उतरते. तेंच पाणी पुढें मोरगांवावरून, मोरोपंतांच्या बारामतीवरून वाहत येऊन सोनगांवाशीं निरेला मिळतें, आणि निरा इंदापूर तालुक्याच्या अगदीं टोंकाला नरसिंहपुरास भीमेला मिळते. हें नरसिंहपूर म्हणजे आमच्या भागांतील जोडप्यांचें दुसरें ठिकाण. लक्ष्मीनृसिंह हें पुष्कळ देशस्थ घराण्यांचें कुलदैवत. सरदार विंचूरकरांची या देवस्थानावर मोठी भक्ति होती. लग्नानंतर किंवा पहिलें मूल झाल्यावर या संगमावर येऊन जोड्यानें स्नान आणि अभिषेक करून जाण्याची रीत त्या घराण्यांतून आहे. जेजुरीचा दंगा येथें नाहीं. घाटावर बसावें, दोन नद्यांचें पाणी एकमेकांत मिसळतांना पाहावें, आणि संध्याकाळच्या आरतीला उठावें. येथें आलेल्या जोडप्यांना परस्परांशीं चार शब्द बोलण्याला निदान अवकाश तरी मिळत असेल.

दूरच्या यात्रांचा विचार या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे; तरी प्रयागच्या वेणीदानाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. महाराष्ट्रीय जोडपें त्रिवेणीसंगमावर गेलें म्हणजे नवरा स्वतःच्या हातानें बायकोची वेणी घालतो, तिचें टोंक कापतो आणि तें गंगेला अर्पण करतो. उभ्या आयुष्यांत ज्या पुरुषानें बायकोच्या केंसांना फणी लावली नाहीं, त्याच्या हातून उतारवयांत हें घडतें. बहुतेक जोडप्यांना ही यात्रा साठीच्या पुढें घडे, तीहि घडली तर. बाकीच्यांच्या वांट्याला जवळचीं देवस्थानें आणि सोयरेधायरे एवढेंच येत असे. दिवाळसणाला जांवयानें सासरीं जावयाचें, अधिक मासांत धोंड्याचें जेवण जेवून जोड्यानें वाण घ्यावयाचें, हे त्यांतले ठरलेले प्रसंग. मुलीला माहेर आणि नवरा दोन्ही एकाच वेळीं लाभण्याचे ते दिवस. त्यांचें महत्त्व पुरुषांना कधींच पुरतें कळलें नाहीं. त्यांचें लक्ष धोंड्याच्या पुरणाकडे आणि ताटाखालच्या वाणाकडे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर या सर्व जाण्यायेण्याचें स्वरूप बदललें तें तीन गोष्टींनीं: कालवा, आगगाडी आणि रविवार.

आगगाडी प्रथम आली. बोरीबंदर ते ठाणें हा पहिला प्रवास १८५३ मधला. १८५८-५९ मध्यें पुण्याहून दौंड, दिक्सळ मार्गें सोलापूरच्या दिशेनें रूळ पडले. म्हणजे इंदापूर तालुक्याच्या उत्तर कडेवरून गाडी धांवूं लागली, तेव्हां मुंबई-पुण्यामधील बोरघाट अजून पुरा व्हावयाचा होता. तो १८६३ सालीं झाला. दुसरी वाट सदर्न मराठा रेल्वेची. पुण्याहून मिरज-बेळगांवकडे जाणारी ती वाट १८९० च्या सुमारास पुरी झाली आणि खुद्द जेजुरीला स्टेशन मिळालें. दौंडहून बारामतीस येणारी अरुंद रुळांची गाडी १९१४ ची. ती पुढें रुंद झाली. गाडीनें वेळ वांचविला हें सर्वच सांगतात. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. बैलगाडी घरची असते; तींत सासू बसते, दीर बसतो, गडी हांकतो. आगगाडीचें तिकीट मात्र माणशीं काढावें लागतें. किती माणसांनीं जावयाचें, हा प्रश्न प्रथमच पैशांत विचारला गेला, आणि ‘दोघेच जाऊन या’ हें काटकसरीचें उत्तर वडिलांच्या तोंडून निघूं लागलें. आमच्या समाजांत सुधारकांच्या व्याख्यानांनीं जें झालें नाहीं तें पुष्कळदां तिकिटाच्या दरांनीं झालें आहे.

त्या आधीं इंग्रज साहेब आपल्या मडमांना घेऊन डोंगरावर जाऊं लागलेच होते. सर जॉन माल्कम यानें सातारच्या प्रतापसिंह छत्रपतींकडून जागा मिळवून १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वरचें ठाणें वसविलें. माथेरानचा शोध ठाण्याचा कलेक्टर मॅलेट यानें १८५० सालीं लावला. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानें तेथें १९०७ सालीं चिमुकली गाडी नेली. गंमत अशी कीं, महाबळेश्वर हें आमच्या लोकांना अपरिचित नव्हतें. कृष्णेच्या उगमाचें क्षेत्र म्हणून जोडपीं तेथें पूर्वींपासून जात होतीं. एकाच डोंगरावर आतां दोन गांवें झालीं: एक देवाचें, एक हवेचें. पहिल्या गांवांत जावयाचें तें गांठ मारून. दुसऱ्यांत हातांत हात घालून. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांनीं बराच काळ हुशारीनें दोन्ही साधलें. सकाळीं क्षेत्रीं अभिषेक करावयाचा आणि संध्याकाळीं ‘पॉइंट’वर सूर्यास्त पाहावयाचा. घरीं पत्र लिहितांना अर्थात् अभिषेकाचाच मजकूर सविस्तर असे.

रविवारची गोष्ट अनेकांच्या ध्यानांत येत नाहीं. जुन्या पंचांगांत विश्रांतीचा असा वार नव्हता; तिथी होत्या. सोमवती, चतुर्थी, एकादशी, पौर्णिमा यांवर माणसांचें जाणेंयेणें बेतलेलें असे, आणि तिथि म्हणजे देवाचा दिवस. गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें, १८९० सालीं. कचेऱ्या, शाळा आणि गिरण्या यांनीं मिळून असा एक दिवस निर्माण केला कीं, ज्याचा कोणताहि देव धनी नव्हता. घराबाहेर पडण्यास देवाचें निमित्त लागेनासें झालें त्याचें एक कारण हें. १ जून १९३० रोजीं मुंबई-पुण्यामध्यें डेक्कन क्वीन सुरू झाली ती प्रथम आठवड्याच्या अखेरीस धांवणारी गाडी म्हणूनच. त्याच वर्षीं १ एप्रिलपासून शारदा कायदा अमलांत आला आणि मुलीचें लग्नाचें वय निदान कायद्यांत तरी चौदा झालें. त्याच वर्षीं ‘स्त्री’ मासिक निघालें. या तीन गोष्टींचा परस्परांशीं संबंध नाहीं असें वरवर वाटेल. पण जिच्याबरोबर दोन दिवस काढावयाचे ती बायको बोलण्यासारख्या वयाची असल्याखेरीज, आणि काय बोलावें हें दोघांनीं थोडेंफार वाचलेलें असल्याखेरीज, सुटीच्या गाडीचा उपयोग तरी काय? ‘मधुचंद्र’ हा इंग्रजी शब्दावरून बेतलेला शब्द याच युगांतला. १९६७ सालीं तो एका मराठी चित्रपटाचें नांव होऊन बसला, तोंवर त्याची लाज पुष्कळच गेली होती.

हें झालें शहरांचें. आमच्या भागांत बदल घडविला तो पाण्यानें. निरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला, आणि बारामती-इंदापूरच्या दुष्काळी माळावर ऊंस उभा राहिला. १९३० नंतर वालचंद हिराचंद यांनीं कळंबच्या माळावर वालचंदनगर वसविलें. गेल्या शतकाच्या सहाव्या दशकांत सणसरलगत श्रीछत्रपति सहकारी साखर कारखाना उभा राहून भवानीनगर हें गांव नकाशावर आलें. देवस्थानाभोंवतीं वाढलेलें हें गांव नव्हे. चिमणीभोंवतीं वाढलेलें आहे. कुलदेवतेला त्यानें नांवांत तेवढें जवळ ठेवलें. कारखान्याच्या वसाहतींतील जोडप्याला सासूसासऱ्यांचा जाच कमी झाला, परंतु त्याच्या जागीं भोंगा आला. गळीत हंगाम सुरू झाला कीं तीन पाळ्या, आणि हंगाम संपेपर्यंत कोणाला कोठें जाणें नाहीं. वसाहतींतील बायकांचे प्रवासाचे बेत त्यामुळें तिथींवरहि ठरत नसत आणि रविवारावरहि ठरत नसत; पट्टा केव्हां पडतो त्यावर ठरत. आषाढींत मात्र यात्रा आपण होऊन दाराशीं येते. तुकोबारायांची पालखी बारामतीहून काटेवाडीवरून सणसरला येते, पुढें बेलवडीला रिंगण होतें. त्या दिंड्यांतून कित्येक वृद्ध जोडपीं वर्षानुवर्षें बरोबर चालतांना दिसतात. पंढरपुरास एकादशीच्या शासकीय पूजेंत मुख्यमंत्र्यांबरोबर एका वारकरी दांपत्याला मान मिळतो, तो त्यांच्यापैकींच कोणाला तरी. त्यांना सहल म्हटलेलें आवडणार नाहीं, आणि मीहि म्हणत नाहीं.

तशांत १ जून १९४८ रोजीं पुणें-नगर मार्गावर पहिली एस्. टी. धांवली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ती गांवोगांव पोंचली. जेजुरीचा तीन दिवसांचा प्रवास एका दिवसाचा झाला. सकाळच्या गाडीनें जावें, भंडाऱ्यानें माखून संध्याकाळच्या गाडीनें परत यावें. मोरगांवचा मुक्काम सुटला. आणि मला वाटतें, त्या मुक्कामाबरोबर जोडप्यांची एक रात्रहि सुटली. पुढें १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें आणि भीमेकांठचीं गांवें पाण्याखालीं गेलीं. पळसदेवचें पळसनाथाचें देऊळहि गेलें. पाणी उतरलें म्हणजे तें वर येतें आणि लोक होड्यांतून पाहावयास जातात. ज्यांचीं लग्नें त्या देवळासमोर लागलीं असतील त्यांच्या नातवंडांना तें सहलीचें ठिकाण झालें आहे. १७ मार्च २०२३ पासून एस्. टी. मध्यें स्त्रियांना अर्धें तिकीट झालें, तेव्हांपासून नवऱ्याचें भाडें पूर्ण आणि बायकोचें निम्में. ‘दोघांनीं कशाला, तूं एकटाच जाऊन ये’ असें म्हणणाऱ्या घरांतील हिशेब त्यामुळें थोडा तरी बदलला असेल.

आतां शेवटीं ज्या जोडप्यांविषयीं लिहावयाचें तीं भवानीनगरला दर वर्षीं येतात, आणि त्यांच्या येण्याची गणतीच मुळीं जोड्यानें होते. ऊंसतोडीच्या धंद्यांत नवराबायको मिळून ‘एक कोयता’. एकटा माणूस आला तर ‘अर्धा कोयता’. बीड, नगरकडील मंडळी दिवाळीच्या सुमारास संसार गाडींत घालून निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती जोडीच्या नांवें. फडाजवळ कोपी उभारावयाची, पहाटेच्या काळोखांत उठून नवऱ्यानें ऊंस तोडावा, बायकोनें मोळ्या बांधाव्या आणि डोक्यावरून गाडीपाशीं न्याव्या. जें जोड्यानें जाणें मध्यमवर्गानें शंभर वर्षांच्या खटपटीनें आणि वडिलांशीं भांडून मिळविलें, तें या माणसांच्या वांट्याला पोटासाठीं आलें, आणि तें सुद्धां वर्षांतून पांचसहा महिने. कोयता पुरा व्हावा, उचल पूर्ण मिळावी म्हणून मुलांचीं लग्नें लवकर उरकून टाकण्याची चाल त्या भागांत आहे. शारदा कायद्याला नव्वदांवर वर्षें उलटलीं, तरी हंगामाच्या तोंडावर अशीं लग्नें लागतात, हें सर्वांना ठाऊक आहे. शास्त्रानें यज्ञासाठीं पत्नी शेजारीं बसविली. कारखानदारीनें ती मोळीसाठीं शेजारीं उभी केली.

या जोडप्यांचीं कुळें पुष्कळदां खंडोबाचींच असतात. भवानीनगरहून जेजुरी एका दिवसांत जाऊन येण्यासारखी. सकाळच्या गाडीनें निघालें तर दिवेलागणीला कोपीवर परत येतां येतें. पण एक दिवस काम बुडालें कीं खाडा लागतो, आणि तो दोघांचाहि लागतो. म्हणून यंदां लग्न होऊन आलेल्या मुली फडांतच हळदीच्या हिरव्या बांगड्यांनीं वाढे बांधतात, आणि त्यांची जेजुरी चैत्रांत, पट्टा पडून मुकादमाचा हिशेब झाल्यावर, उचल फिटून कांहीं उरलें तर होते.